सावळी कांती, मानेवरची रेघ आणि उलटं गोंदण

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगातल्या अवतारासाठी (तिथे आपलं रूप घेऊन वावरणाऱ्या बाहुलीसाठी) एका निर्मातीने स्किनची, म्हणजे कातडीच्या चित्रांची, सुट्या थरांची पीएसडी (फोटोशॉप) फाइल, बदल करायच्या परवानगीसह, मोफत दिली होती. विचारणाऱ्या ताईंनी ती गिंप या मोफत चित्र-संपादकात उघडली आणि मूळची गोरी स्किन स्वतःच्या रंगासारखी सावळी करायला घेतली. पण चेहरा राखेसारखा दिसतो, मानेवर रेघ उमटते, कपाळावरच्या चंद्रकोरीभोवती पांढरी कड येते आणि आजीच्या हातावर होतं तसं नावाचं गोंदण दोन्ही हातांवर आलं, त्यातलं एक उलटं. शिवाय ही स्किन मैत्रिणींना दिली तर चालेल का, हेही त्यांना विचारायचं आहे.

ताई, तुमच्या फाइलमध्ये काही बिघाड नाही. गोंधळ झालाय तो दोन प्रकारच्या थरांचा. पीएसडीतले थर वेगळे आणि अवतार अंगावर घालतो ते थर वेगळे, दोन्हींचे नियम निराळे. कुठली गोष्ट कुठल्या थरात ठेवायची हे एकदा ठरलं की निम्मं काम झालं. रंग जुळवणं हे त्याच्या नंतरचं.

आधी अवताराकडचे थर बघू. सेकंड लाइफ २००३ साली सुरू झालं. तेव्हापासून तिथल्या अवताराची कातडी मुख्यतः तीन सपाट चित्रांवर चालते: डोकं, कमरेपर्यंतचं वरचं अंग आणि त्याखालचं अंग. डोळ्यांचं चित्र वेगळं. सर्वांत खाली स्किन, ती एकच घालता येते. तिच्यावर टॅटू, युनिव्हर्सल, मग आतले कपडे, शर्ट, जॅकेट असे थर चढतात. हे सगळं एकत्र करून प्रत्येक भागाचं एकच चित्र बनतं, त्याला बेक म्हणतात. पूर्वी हे काम प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावर व्हायचं, २०१३ पासून ते सर्व्हरवर होतं. मध्यंतरी मेश बॉडी (मूळ शरीराऐवजी घालायची वेगळी त्रिमितीय शरीरं) आल्या आणि या बेकशी त्यांचा संबंधच राहिला नाही. टॅटूसाठी बॉडीवर आणखी एक पातळ कवच, अंतर्वस्त्रांसाठी त्यावर अजून एक, असा पसारा वाढला आणि अवतार जड झाले. २०१९ मध्ये बेक्स ऑन मेश आलं. तेव्हापासून तोच बेक थेट मेश बॉडीवर लावता येतो. तुम्ही मेश बॉडी वापरत असलात तरी आज पुन्हा जुन्या थरांशीच काम आहे, आणि ते बरंच झालं.

आता कळीचा मुद्दा. हा बेक थर एकावर एक ठेवताना फक्त पारदर्शकता बघतो. वरच्या थराचा ठिपका (पिक्सेल) किती झाकतो आणि खालचं किती दिसू देतो, एवढंच. मल्टिप्लाय, ओव्हरले, सॉफ्ट लाइट या रंग मिसळायच्या पद्धतींतलं त्याला काही कळत नाही. गिंपमध्ये तुम्ही गालावरची लाली सॉफ्ट लाइटवर ठेवून सुंदर बसवली, तीच वेगळी काढून टॅटू म्हणून अपलोड केली, की ती नुसती गुलाबी थापलेली दिसते. रंग तोच असतो, तो मिसळायचा नियम मात्र फाइलमध्येच राहून गेलेला असतो.

म्हणून मी विभागणी अशी करतो. ज्याला खालच्या रंगात मुरायचं आहे ते सगळं स्किनमध्येच: कांती, सावल्या, उजेड, कोपर-गुडघ्यांचा गडदपणा, शिरा, तीळ, ओठांचा मूळ रंग. जे कातडीवर वरून लावलेलं आहे आणि रोज बदलू शकतं ते टॅटूच्या थरात: कुंकू, टिकली, काजळ, लिपस्टिक, मेंदी. गोंदण मधलं आहे. ते कातडीच्या आत असतं, म्हणून खरं तर ते स्किनमध्ये जायला हवं. पण ते वेगळं ठेवायचं एक कारण आहे, ते पुढे येईलच.

आता राखाडी चेहऱ्याचं बघू. तुम्ही लिहिलंय की वर काळा थर टाकून त्याची अपारदर्शकता वाढवत नेली. गोरी स्किन सावळी करताना बहुतेक जण हेच करतात, आणि चेहरा राख फासल्यासारखा का दिसतो हे आकड्यांतच कळतं. प्रत्येक रंग ० ते २५५ मध्ये मोजतात. समजा गोऱ्या गालाचा एक ठिपका लाल २३०, हिरवा १८५, निळा १६० असा आहे. त्यावर निम्मा काळा टाकला तर ११५, ९२, ८० होतो. तिन्ही आकडे सारख्याच प्रमाणात घटले. उजेड निम्मा झाला, पण रंगाची तीव्रता होती तिथेच, साधारण तीस टक्के. खऱ्या सावळ्या कातडीत असं होत नाही. कातडीतलं मेलॅनिन निळा प्रकाश जास्त शोषतं, हिरवा त्याहून कमी, लाल सर्वांत कमी. त्यामुळे रंग गडद होतो तसा तो उबदार आणि दाट होत जातो. त्याच गालाचा पटण्यासारखा सावळा ठिपका १४१, ९३, ६६ च्या आसपास येईल. त्याची तीव्रता पन्नास टक्क्यांच्या पुढे जाते. तुमच्या ८० आणि माझ्या ६६ मध्ये जी निळ्याची तफावत आहे ना, तीच राख.

म्हणजे तिन्ही रंग वेगवेगळ्या प्रमाणात खाली आणायचे. २३० चे १४१, १८५ चे ९३, १६० चे ६६. नव्या आकड्याला जुन्याने भागा, मग २५५ ने गुणा. मिळतं १५६, १२८, १०५. या रंगाने भरलेला एक थर मल्टिप्लायवर ठेवला की काम झालं. गिंपच्या नव्या आवृत्त्या मल्टिप्लायचा हिशेब थोडा वेगळ्या पद्धतीने करतात, त्यामुळे दोन-चार अंक इकडेतिकडे होतील, तेवढं चालतं. तुमच्या फाइलमधला मूळ गाल आणि तुम्हाला हवा असलेला गाल घेऊन हाच भागाकार तुम्ही करा, माझे आकडे केवळ उदाहरणादाखल. हवा असलेला रंग मिळवायला स्वतःच्या दंडाच्या आतल्या बाजूचा फोटो काढा, ढगाळ दिवशी, सावलीत, फ्लॅशशिवाय. चेहऱ्याचा फोटो घेऊ नका, त्यावर तेल आणि उजेडाची चमक असते आणि आकडे फसवतात.

हा थर ठेवायचा कुठे, याला आकड्यांइतकंच महत्त्व आहे. सगळ्यांच्या वर ठेवलात तर उजेडाचे, ओठांचे, भुवयांचे थरही त्याच्याखाली दबतील. मूळ रंगाच्या ग्रुपच्या आत, सर्वांत वर ठेवा. ग्रुपचा मोड पास थ्रू असेल तर नॉर्मल करा, नाहीतर ग्रुपच्या आतला मल्टिप्लाय ग्रुपबाहेरच्या खालच्या थरांवरही पसरतो. पीएसडी गिंपमध्ये उघडल्यावर आणखी एक बघायचं: मूळ फाइलमध्ये अॅडजस्टमेंट लेयर (खालच्या थरांचा रंग बदलणारे थर) किंवा लेयर स्टाइल असतील तर ते नेहमी जसेच्या तसे येत नाहीत. निर्माते सहसा तयार सपाट चित्रही सोबत देतात. ते शेजारी उघडून, काही न बदललेल्या तुमच्या फाइलशी ताडून बघा. फरक दिसला तर ब्राउझरमधल्या फोटोपीमध्ये पीएसडी उघडा, तिथे हे लेयर सहसा टिकतात. तिथेच ते खालच्या थरात मिसळून घ्या आणि मग गिंपमध्ये आणा. फाइलला कलर प्रोफाइल वेगळा असेल तर आधी एसआरजीबीमध्ये (नेहमीच्या पडद्यांच्या रंगपद्धतीत) रूपांतर करा. व्ह्यूअर, म्हणजे सेकंड लाइफ दाखवणारा प्रोग्रॅम, प्रोफाइल बघत नाही, नुसते आकडे वाचतो, आणि मग रंग फिके पडले म्हणून आपण निष्कारण तीव्रता वाढवत बसतो.

मूळ रंग उतरला की खरा वेळ खाणारा भाग सुरू होतो. गोऱ्या कातडीसाठी काढलेल्या सावल्या सावळ्या रंगावर दुप्पट गडद वाटतात, कारण त्याही मल्टिप्लायवर असतात. हनुवटीखाली, नाकाच्या कडेला, छातीच्या मध्ये चिखल साचल्यासारखं दिसतं. त्या ग्रुपची अपारदर्शकता निम्म्यावर आणा आणि मग एकेक थर बघून थोडी परत वाढवा. उजेडाच्या थरांचं उलटं. गोऱ्या चेहऱ्यावर पांढरट उजेड खपून जातो, सावळ्या चेहऱ्यावर तो पावडरसारखा दिसतो. प्रत्यक्षात कातडीवरची चमक पांढरट असतेच, पण ती आपण मान हलवली की सरकते. चित्रातली चमक जागची हलत नाही, म्हणून डोळा तिला चमक न मानता रंग मानतो. तेव्हा उजेडाच्या थरांना सोनेरी-तांबूस छटा द्या, त्यांचा आकार आवळा आणि नाकाच्या शेंड्यावरचा पांढरा ठिपका सरळ बंद करा. चकाकी हवी असेल तर ती बॉडीच्या आणि डोक्याच्या हडमधल्या (पडद्यावरच्या नियंत्रण-पट्टीतल्या) शाइनच्या पर्यायातून घ्या. बेकमध्ये फक्त रंग जातो, चकाकीचा नकाशा जात नाही.

लालीचा मूळ गुलाबी थर सावळ्या रंगावर जांभळट करडा पडतो. त्याला विटकरी करा. ओठ एकाच रंगाचे ठेवू नका. आपल्याकडे बहुतेकांच्या ओठांची कड गडद तपकिरी असते, वरचा ओठ खालच्याहून गडद आणि खालच्या ओठाचा आतला भाग गुलाबीकडे झुकलेला. तयार स्किन बघून हे कळत नाही, आरशात बघून कळतं. डोळ्यांभोवती, तोंडाच्या कोपऱ्यांशी आणि कपाळाच्या कडेला केसांजवळ रंग एक छटा गडद असतो. बोटांची पेरं, कोपरं, गुडघे, घोटेही तसेच. आणि तळहात-तळपाय! तयार गडद स्किन विकणारेही तळहात-तळव्यांपर्यंत सगळं एकाच रंगात बुडवून मोकळे होतात. मल्टिप्लायच्या थराला मास्क लावा आणि तळहात, तळपाय आणि नखांवर तो साधारण निम्मा पुसा. कडा मऊ ठेवा, बोटांच्या बाजूंवर रंग हळूहळू बदलायला हवा. हाताच्या रेषा मात्र गडदच राहू द्या, त्या तळहातापेक्षा उठून दिसतात. एवढ्या एका बदलाने अवतार नमस्कार करतो तेव्हा पटतो.

मानेवरची रेघ. तुम्ही डोक्याचं चित्र एका दिवशी केलंत, अंगाची दुसऱ्या दिवशी, आणि दोन्हीकडे ह्यू-सॅच्युरेशनचे कळ डोळ्यांच्या अंदाजाने फिरवलेत, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. डोळा इतका बारीक फरक पडद्यावर शेजारी नसताना पकडत नाही, पण मानेवर दोन चित्रं खेटून येतात तेव्हा दोन-तीन अंकांचा फरकही रेघ काढतो. वर सांगितलेल्या आकड्यांच्या पद्धतीचा हा दुसरा फायदा: तोच थर, तेच तीन आकडे, तिन्ही फाइलींत ओढून टाका. मूळ निर्मातीने तिची शिवण, म्हणजे दोन चित्रं जिथे भेटतात ती जागा, जुळवलेली आहे, तुम्ही तिन्हीकडे तंतोतंत एकच क्रिया केलीत तर ती जुळलेलीच राहते. ऑटो लेव्हल्स, ऑटो कॉन्ट्रास्ट, स्ट्रेच कॉन्ट्रास्ट यांना हात लावू नका. ते प्रत्येक चित्राचे आकडे बघून आपापला निर्णय घेतात आणि डोक्याचा निर्णय अंगाशी जुळत नाही.

ब्लर हा दुसरा चोर. चित्रातला कातडीचा तुकडा जिथे संपतो त्याच्या पलीकडे बऱ्याच टेम्प्लेटमध्ये (शरीराच्या भागांच्या सीमा दाखवणाऱ्या आराखड्यांत) करडा किंवा पांढरा रंग भरलेला असतो. कडेजवळ ब्लर मारला की तो आत झिरपतो. चित्र लहान करतानाही तेच होतं, आणि अवतार लांब गेल्यावर व्ह्यूअर चित्राची छोटी आवृत्ती वापरतो तेव्हाही. म्हणून रंग कडेच्या बाहेर किमान सोळा ठिपके पसरलेला हवा. तुमच्या फाइलमध्ये तो पसरलेला आहे का ते बघायला सर्वांत खाली झगझगीत हिरवा थर टाका आणि टेम्प्लेटच्या रेषा वर ठेवा. रेषेच्या आत किंवा तिला लागून बाहेर जिथे हिरवं दिसेल तिथे रेघ येऊ शकते. स्मज आणि हीलिंगही शिवणीजवळ टाळा. शिवणीवरच काम करायचं असेल, म्हणजे कमरेवरून खाली उतरणारा व्रण किंवा खांद्याच्या शिवणीवर तीळ, तर ते सपाट चित्रावर होत नाही. बॉडीच्या निर्मात्याने डेव्हलपर किट दिलं असेल तर ते ब्लेंडर या त्रिमितीय प्रोग्रॅममध्ये उघडा, तिन्ही चित्रं लावा आणि टेक्स्चर पेंटमध्ये थेट शरीरावर रंगवा. तिथे ब्लीड नावाची एक संख्या असते, ती वाढवून ठेवा. तेवढं केलंत तर कडेबाहेर रंग पसरवायचं काम तेच करतं.

एक वेगळी शक्यताही तपासा. तुमचं डोकं एका निर्मात्याचं आणि बॉडी दुसऱ्याची असेल, आणि डोकं स्वतःच्या यूव्ही नकाशावर (सपाट चित्राचा कुठला भाग कुठे बसतो ते ठरवणाऱ्या मांडणीवर) चालत असेल, जसं लेलुट्काच्या इव्होएक्स डोक्यांचं आहे, तर जुन्या नकाशासाठी काढलेलं डोक्याचं चित्र त्यावर बसणारच नाही. तेव्हा रेघेबरोबर ओठ-भुवयाही सरकलेल्या दिसतात. तुमच्या वर्णनात तसं काही नाही, म्हणून हे पुढे वाढवत नाही. डोक्याच्या हडमध्ये जुन्या नकाशाचा पर्याय असतो का, तेवढं एकदा बघून ठेवा.

चंद्रकोरीभोवतीची पांढरी कड हे या चौघांतलं सर्वांत सोपं प्रकरण. पूर्ण पारदर्शक ठिपक्यालाही रंग असतो, तो आपल्याला दिसत नाही इतकंच. बहुधा तो पांढरा किंवा काळा असतो. चित्र शरीरावर बसताना शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि त्या अदृश्य पांढऱ्याचा अंश कोरीच्या कडेवर येतो. उपाय असा की कोरीच्या खाली, पूर्ण कॅनव्हासभर, कोरीच्याच लाल रंगाचा एक थर ठेवा आणि त्याची अपारदर्शकता एक टक्का करा. कातडीवर तो जाणवत नाही, पण आता कडेला मिसळायला पांढऱ्याऐवजी लालच मिळतो. एकाच चित्रात लाल कोर आणि खाली काळा ठिपका असं असेल तर दोन्हींभोवती आपापल्या रंगाचा फिका पट्टा करा. पीएनजी निर्यात करताना पारदर्शक ठिपक्यांचे रंग जतन करायचा पर्याय येतो, तोही चालू ठेवा. स्किनच्या तीन चित्रांना मात्र पारदर्शकता अजिबात नको. ती फ्लॅटन करूनच, म्हणजे सगळे थर एकत्र करून, निर्यात करायची.

आणि चंद्रकोर काढताना लक्षात ठेवा की डोक्याच्या १०२४ ठिपके रुंद चित्रात कपाळावरची कोर काही मोजक्या ठिपक्यांची असते. कागदावर काढतो तशी टोकं निमुळती केली तर ती बेकमध्ये विरून जातात आणि उरतो एक ओबडधोबड लाल ठिपका. टोकं दोन ठिपक्यांपेक्षा बारीक करू नका, आतला पोकळ भाग हवा त्याहून थोडा जास्त मोकळा सोडा. कपाळावर चित्र किती ताणलं जातं हेही बघावं लागतं. आधी एक अचूक गोल काढून लावून बघा. तो आडवा पसरला तर कोर तितकीच उभी ओढून काढा. चेहऱ्याच्या शेपचे स्लायडर बदलले की हे प्रमाणही बदलतं, त्यामुळे शेप पक्का झाल्याशिवाय या कामात वेळ घालवू नये.

आता गोंदण. यात तुमच्या हातून काही चुकलेलं नाही, ही मूळ अवताराच्या रचनेतली मर्यादा आहे. चित्राची जागा वाचवायला जुन्या नकाशात दोन्ही हातांना चित्राचा एकच तुकडा दिलाय, एका हातावर तो सरळ आणि दुसऱ्यावर आरशातला. ठिपक्यांची रांग, तुळशीवृंदावन, फूल अशी दोन्ही बाजूंनी सारखी नक्षी असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. अक्षरं मात्र लगेच पकडली जातात.

यावर तोड आहे ती बेक्स ऑन मेशबरोबर आलेल्या युनिव्हर्सल थरात. त्यात नेहमीच्या भागांखेरीज डावा हात, डावा पाय आणि तीन जादा असे कप्पे आहेत. तुमच्या बॉडीने डाव्या हाताचा कप्पा वापरला असेल तर नाव फक्त त्यात टाका, उजवा हात कोरा राहील. बॉडीने तो वापरलेला नसेल तर त्या कप्प्यात काहीही टाका, ते कुठेच दिसणार नाही. चाचणी सोपी आहे: त्या कप्प्यात भडक निळं चित्र टाका आणि युनिव्हर्सल थर घाला. डावा हात निळा झाला तर मार्ग मोकळा. मात्र तसं असेल तर डाव्या हाताची कातडीही त्याच कप्प्यातून यावी लागते, म्हणून गोंदणाखाली सावळ्या हाताचं पूर्ण चित्रही द्यायचं, नाहीतर नाव दिसेल आणि हात गायब होईल किंवा भलत्याच रंगाचा दिसेल. निळा झाला नाही तर दुसरा पर्याय म्हणजे दंडाला घट्ट बसणारा मेशचा पातळ पारदर्शक पट्टा, ज्यावर स्वतंत्र चित्र असतं. तो चालतो, पण बाही असलेले कपडे घातले की त्यातून डोकावतो. मला विचाराल तर नाव दोन्ही हातांवर उमटत असेल तर ते हातावर नकोच. छाती, पाठ आणि चेहरा यांना आरशाची अडचण नाही. कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके आपल्याकडे गोंदवत आलेच आहेत.

गोंदणाच्या रंगात बहुतेक जण शुद्ध काळा घेतात आणि ते कालच मार्करने काढल्यासारखं दिसतं. जुन्या गोंदणाचा रंग निळसर हिरवा असतो, कारण शाई कातडीच्या आत आहे आणि आपण ती कातडीतून बघतोय. आणि ती वर्षानुवर्षं पसरते, अक्षरांच्या कडा विरतात, मात्रा आणि वेलांटीची पोकळी भरत जाते. तुमच्या सावळ्या रंगावर ५२, ६६, ६२ च्या आसपासचा रंग साठ-सत्तर टक्के अपारदर्शकतेने लावून बघा. अक्षरं आधी स्वच्छ काढा, मग त्यांची एक प्रत खाली ठेवून तिला हलका ब्लर द्या, आणि वरच्या प्रतीवर मोठ्या मऊ ब्रशने इथे-तिथे थोडं पुसा. सगळीकडे सारखं पुसू नका. मल्टिप्लायचा मोह इथे आवरा, कारण वर म्हटल्याप्रमाणे तो युनिव्हर्सल थरात पोचतच नाही. गोंदण स्किनपासून वेगळं ठेवायचं कारण हेच की डाव्या हाताचा कप्पा फक्त तिथे मिळतो.

अपलोड करण्याआधी. चित्र निवडायच्या खिडकीत लोकल नावाचा पर्याय असतो. त्यातून तुमच्या संगणकावरची फाइल थेट अंगावर घालता येते, पैसे लागत नाहीत, आणि गिंपमध्ये पुन्हा निर्यात केली की अवतारावर आपोआप बदलते. फक्त तुम्हालाच दिसते, इतरांना नाही. सगळी घासाघीस यावरच करा. इतरांना कसं दिसेल तेही बघायचं असेल तर चाचणीचा ग्रिड, म्हणजे या जगाची चाचणीसाठीची प्रत आहे, तिथले पैसे खोटे असतात. या चाचणी ग्रिडचं नाव अदिती आणि मुख्य ग्रिडचं अग्नी. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कंपनीने ही नावं ठेवली, आणि आपल्या लोकांना ती ठाऊक नसतात याची मला दरवेळी गंमत वाटते.

रंग ठरवताना उजेड बदलून बघा: भर दुपार, संध्याकाळ, आणि ज्या जागी तुमची नेहमीची उठबस आहे तिथला उजेड. बरेच जण सतत मऊ गुलाबी उजेडाची सेटिंग लावून फिरतात, त्यात गोऱ्या स्किन उजळ दिसतात आणि सावळ्या तांबड्या होतात. तुमच्या व्ह्यूअरमध्ये तसं काही चालू असेल तर बंद करून जागेचा मूळ उजेड लावा. चेहऱ्याजवळ दिवा जोडलेला असेल, तर तो काढून टाका. २०२३ च्या अखेरीस पीबीआर मटेरियल (उजेड पृष्ठभागावर कसा पडतो ते अधिक खरं दाखवणारी पद्धत) आल्यापासून नव्या व्ह्यूअरमध्ये उजेडाचं गणितही बदललंय, त्यामुळे जुन्या व्ह्यूअरवरच्या मैत्रिणीला तुमचा रंग थोडा वेगळा दिसेल. त्याला इलाज नाही.

आकाराबद्दल फार विचार नको. काम २०४८ वर करा, निर्यात करताना १०२४ वर आणा आणि लहान केल्यावर हलकं शार्पन द्या, आधी नाही. २०१९ पर्यंत बेक ५१२ चेच होते, त्यामानाने १०२४ पुरेसे आहेत. २०२४ पासून २०४८ ची चित्रंही अपलोड होतात, पण त्याला पैसे जास्त आणि बघणाऱ्याच्या संगणकावर भार जास्त. चेहऱ्यासाठी एकवेळ घ्या, पायांसाठी अजिबात नको. अपलोड झाल्यावर अवतार धूसर राहिला तर कंट्रोल-ऑल्ट-आर दाबा, बेक नव्याने मागवला जातो. टॅटूचे थर चुकीच्या क्रमाने बसले, म्हणजे काजळ भुवईवर चढलं किंवा मेंदी गोंदणाखाली गेली, तर आउटफिटच्या संपादनात वर-खाली सरकवायचे बाण असतात. एकाच प्रकारच्या थरांचा क्रम तिथे बदलतो. टॅटू युनिव्हर्सलच्या वर मात्र नेता येत नाही, म्हणून मेंदी गोंदणावर हवी असेल तर तीही युनिव्हर्सलमध्येच करा.

मैत्रिणींना देण्याबद्दल. फाइल मोफत आहे म्हणजे सगळं माफ आहे असं नाही. सोबतची परवान्याची टीप वाचा. बदल करू देणाऱ्या सगळ्याच निर्मात्या बदललेली स्किन पुढे द्यायला परवानगी देत नाहीत, काही जणी मोफत द्यायला देतात पण विकायला नाही, काहींना मूळ नावाचा उल्लेख हवा असतो. टीप नसेल तर त्यांना सेकंड लाइफमध्येच संदेश पाठवून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. देताना स्किन कॉपीच्या परवानगीसह आणि ट्रान्सफरच्या (दुसऱ्याला देण्याच्या) परवानगीशिवाय द्या, म्हणजे ती मैत्रिणीकडेच राहील. सुटी चित्रं पूर्ण परवानगीने कुणालाही देऊ नका, कारण ती उतरवून घेता येतात आणि त्यात निम्मं काम दुसऱ्या कुणाचं तरी आहे. चंद्रकोर आणि गोंदण तुम्ही स्वतः काढलंय, त्यांचं काय करायचं ते तुमच्या मर्जीवर.